पेन, पाल आणि स्तूप : एका उच्चाराची अनेक घरे

आदिलाबादहून उतनूरकडे जाताना गुडिहत्नूर मागे पडले की इंद्रवेल्ली येते. आज हे गाव तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील एका मंडलाचे ठिकाण आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी ते हैदराबाद राज्यात होते. त्या पुनर्रचनेत जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे भाग मुंबई राज्यात, म्हणजे पुढील महाराष्ट्रात गेले आणि इंद्रवेल्ली आंध्र प्रदेशात राहिले. सीमा आखली गेली. बोलणारी माणसे मात्र होती तेथेच राहिली. त्यामुळे येथील आठवडी बाजारात आजही गोंडी, कोलामी, तेलुगू, मराठी, बंजारा आणि उर्दू अशा सहा भाषा कानी पडतात. आंध या जमातीची मातृभाषा मराठी आहे. गोंडांचे परंपरागत गायक असलेले पर्धान घरात मराठी बोलतात आणि देवापुढे किकरी वाजवून गोंडांच्या दैवतकथा गोंडीत गातात. एकाच माणसाच्या तोंडी दोन भाषा, आणि त्याही दोन निरनिराळ्या भाषाकुळांतल्या, ही येथे नवलाची गोष्ट नाही.

या सहा भाषांपैकी मराठी, उर्दू व बंजारा या आर्य कुळातील; तेलुगू, गोंडी व कोलामी या द्राविड कुळातील. अशा ठिकाणी एक गमतीचा आणि कधी कधी गंभीर प्रकार घडतो. तोच उच्चार निरनिराळ्या भाषांत निरनिराळा अर्थ घेऊन वावरतो. गावाचेच नाव घ्या. ‘इंद्रवेल्ली’ ऐकताच मराठी कानाला त्यात ‘वेल’ ऐकू येते. तेलुगू कानाला ‘वेळ्ळि’ म्हणजे ‘जाऊन’ हे क्रियारूप आठवते. दोन्ही कान आपापल्या घरातला अर्थ त्या नावावर बसवतात, आणि गावाचे नाव खरोखर कसे पडले याच्याशी दोहोंचाही संबंध असलाच पाहिजे असे नाही. प्रस्तुत लेखात आम्ही अशा काही शब्दांचा विचार करणार आहोत. प्रश्न केवळ कोशाचा नाही. ज्याच्या हाती दप्तर, शाळा वा कायदा असतो तो ऐकलेल्या शब्दाला स्वतःच्या भाषेतला अर्थ देतो, आणि त्याचे परिणाम ज्याचा शब्द आहे त्याला भोगावे लागतात. आदिलाबादच्या इतिहासात याची उदाहरणे शोधावी लागत नाहीत.

सर्वांत बोलके उदाहरण ‘पेन’ या शब्दाचे. मराठीत पेन म्हणजे लिहिण्याचे साधन. हा शब्द इंग्रजीतून आला आणि इंग्रजीत तो लॅटिन ‘पेन्ना’ म्हणजे ‘पीस’ या शब्दापासून गेला, कारण पूर्वी युरोपात हंसाच्या पिसाने लिहीत. आपला बोरू आणि टाक मागे पडले आणि पेन घराघरांत आले. तेलुगूत शेवटी उकार घेऊन ‘पेनु’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ डोक्यातली ऊ. आणि गोंडीत ‘पेन’ म्हणजे देव. प्रत्येक गोत्राचा ‘पेरसा पेन’ असतो, म्हणजे थोर देव. भाल्याचे लोखंडी पाते आणि चवरी ही त्याची चिन्हे. कटोडा त्याचा पुजारी आणि पर्धान त्याचा गायक. कुळाची ओळख, विवाहाचे नियम, मृतांना पितरांत सामावून घेण्याचे विधी, हे सारे पेनाभोवती गुंफलेले आहे. म्हणजे तीन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या तीन माणसांना एकाच उच्चारातून लेखणी, ऊ आणि परमेश्वर ऐकू येतो. यात कोणाचा उपमर्द नाही आणि कोणाचे अज्ञानही नाही. हे तीन शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत, एवढेच. मात्र वर्गात एखाद्या गोंड मुलाने पेनाचे नाव घेतले आणि शिक्षक हसला, तर ते हसणे कोठे लागते हे सांगावयास नको.

हे तीन शब्द परस्परांशी असंबद्ध आहेत हे ओळखावे कसे? एक सोपी कसोटी अशी की, शब्दाचे अनेकवचन करावयास लावावे. गोंडी माणूस ‘पेन्क’ म्हणेल, तेलुगू माणूस ‘पेलु’ म्हणेल आणि मराठी माणूस ‘पेने’ म्हणेल. एकटा असताना शब्द वेषांतर करून राहू शकतो. व्याकरणाच्या कुटुंबात शिरला की त्याचे घर उघड होते. दुसरी कसोटी शास्त्रीय आहे. शब्दाचे भाऊबंद शोधावेत आणि त्यांच्या उच्चारांतील फरक नियमाने होतो की नाही ते पाहावे.

‘पाल’ या शब्दावर ही दुसरी कसोटी लावून पाहू. मराठीत पाल म्हणजे भिंतीवरची पाल. गोंडीत आणि कोलामीत पाल म्हणजे दूध. तेलुगूत ‘पालु’, तमिळ व मल्याळममध्ये ‘पाल’, आणि कन्नडमध्ये ‘हालु’. कन्नडमध्ये शब्दारंभीच्या जुन्या ‘प’चा ‘ह’ होतो, हा नियमच आहे. म्हणून ‘हालु’ वेगळा दिसला तरी घरचाच. आता आपल्या भिंतीवरच्या पालीकडे वळू. ती संस्कृत ‘पल्ली’पासून आली. परंतु सरड्यासारख्या या जीवाला तमिळमध्येही ‘पल्लि’ म्हणतात, तेलुगूत ‘बल्लि’ आणि कन्नडमध्ये ‘हल्लि’. संस्कृतानेच हा शब्द द्राविड भाषांकडून घेतला असावा असे मानावयास येथे जागा आहे. म्हणजे जो ‘पाल’ शब्द हुबेहूब आपल्यासारखा वाटतो तो परका निघाला, आणि ज्या ‘बल्लि’कडे आपण वळूनही पाहिले नसते ती नात्यातली निघाली. भाषेच्या क्षेत्रात चेहऱ्यावरून नाते ठरवू नये, हा धडा या एका शब्दात पुरेपूर मिळतो.

अशी जोडपी या भागात पावलोपावली भेटतात. मराठीत ऊर म्हणजे छाती. आपला ऊर भरून येतो. तेलुगू व कन्नडमध्ये ‘ऊरु’ म्हणजे गाव. मराठीत काल म्हणजे सरलेला दिवस; गोंडीत काल आणि तेलुगूत कालु म्हणजे पाय. मराठीत कोंडा म्हणजे धान्याचा भुसा, ज्याचा मांडा करून खाण्याची आपली म्हण आहे; तेलुगूत ‘कोंड’ म्हणजे टेकडी. शिवकालाच्या वाचनातून आपल्याला परिचित असलेल्या गोवळकोंड्याला तेलुगूत ‘गोल्लकोंड’ म्हणजे गुराख्यांची टेकडी असे समजतात. तेथे भुशाचा काही संबंध नाही.

‘मरी’ हा शब्द त्याहून विलक्षण. मराठी माणसाला मरी म्हटले की पटकी आणि प्लेग आठवतात. गावाच्या वेशीबाहेर मरीआईचे ठाणे असते. तेलुगूत ‘मर्री’ म्हणजे वडाचे झाड. गोंडीत ‘मर्री’ म्हणजे मुलगा. तेलंगणात महबूबनगरजवळ एक प्राचीन, प्रचंड विस्ताराचा वटवृक्ष आहे. त्याचे नाव ‘पिल्ललमर्री’, म्हणजे ‘मुलांचा वड’. मराठी वाचकाने हे नाव प्रथमच वाचले तर त्याच्या मनात जी अशुभ शंका येईल ती त्या झाडाखाली खेळणाऱ्या मुलांच्या स्वप्नातही नसेल. एका भाषेत आई ज्या शब्दाने लेकराचा उल्लेख करते, तोच शब्द दुसऱ्या भाषेतल्या आईला हात जोडून परतवावासा वाटतो.

असे योगायोग इतके का घडतात? माणसाच्या मुखातून निघणारे ध्वनी मोजके आहेत. द्राविड भाषांतील पुष्कळ धातू एकाक्षरी असतात, आणि मराठीत जुने संस्कृत-प्राकृत शब्द झिजून आखूड झाले आहेत. ‘उरस्’चा ऊर झाला, ‘पल्ली’ची पाल झाली. आखूड शब्द एकमेकांवर आदळणारच. जगातही असेच दिसते, आणि कधी कधी तर अर्थही जुळून वाचकाला चकवतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात म्बाबारम नावाची आदिवासी भाषा होती. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन या भाषाशास्त्रज्ञाने तिच्या शेवटच्या जाणकारांपैकी एकाकडून १९६० च्या दशकात शब्द टिपले, तेव्हा कुत्र्यासाठी त्या भाषेत ‘डॉग’ हाच शब्द निघाला. तो इंग्रजीतून आलेला नव्हता. शेजारच्या भाषांतील ‘गुडगा’ या जुन्या शब्दाचे म्बाबारममध्ये नियमाने झालेले ते रूप होते. आपल्या ओळखीचे उदाहरण ‘बद’चे. बदनाम, बदमाश यांतील फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा अर्थ एकच. पण ते एका मुळाचे मानले जात नाहीत. सारखेपणा म्हणजे नाते, हे समीकरण दोन्ही बाजूंनी खोटे ठरते.

आता दप्तरातील शब्दांकडे येऊ. आमचे आयुष्य शासकीय कागदपत्रांत गेले असल्याने या शब्दांविषयी आम्हांला विशेष आस्था आहे. निजामाच्या राज्याचा कारभार उर्दूत चालत असे आणि कागदावर फसली सन घातला जाई. ‘फसली’ हा शब्द अरबी ‘फस्ल’ म्हणजे पीक, हंगाम यावरून आला. या सनात ५९० मिळवले की इसवी सन ढोबळमानाने मिळतो. हैदराबाद राज्याने आदिवासी क्षेत्रांसाठी केलेला १३५६ फसलीचा कायदा म्हणजे १९४६ चा. पण मराठीत ‘फसली’ हे ‘फसणे’ या क्रियापदाचे रूप आहे. कागद तोच, अक्षरे तीच. एकाला त्यात सुगी दिसते, दुसऱ्याला फसवणूक. या भागातील जमिनींचा इतिहास पाहता दुसरा अर्थही अगदीच अनाठायी वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.

काही शब्द मुळात एकच असून वाटेत पांगले. ‘राजीनामा’ म्हणजे मूळ फारसीत संमतीचा लेख. उर्दूत आणि न्यायालयात तो तडजोडीचा कागद झाला. मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारात खातेदाराने जमीन सोडून देण्याचा लेख म्हणजे राजीनामा आणि घेणाऱ्याने लिहून द्यावयाची ती कबुलायत. आजच्या मराठीत व तेलुगूत राजीनामा नोकरीचा वा पदाचा. ‘पट्टा’ शब्दाचेही असेच. मराठी माणूस भाडेपट्टा म्हणतो तेव्हा मुदतीचा करार डोळ्यांपुढे येतो. तेलंगणात पट्टा म्हणजे दप्तरात नोंदलेला जमिनीचा हक्क आणि पट्टेदार म्हणजे त्या हक्काचा धनी. एकीकडे मुदत संपली की जाणारी वस्तू, दुसरीकडे पिढ्यानुपिढ्यांचे स्वामित्व.

गोंडी समाजरचनेतील ‘सगा’ हा शब्दही लक्षात घेण्याजोगा आहे. मराठीत सगा म्हणजे रक्ताचा. सग्या भावाबहिणींचा विवाह कल्पनेतही येत नाही. गोंडांत सगा हे अनेक गोत्रांच्या एका मोठ्या समूहाचे नाव आहे. चार, पाच, सहा व सात देवांचे असे हे समूह असून विवाह आपल्या सग्यात होत नाही, दुसऱ्या सग्याशी होतो. तेव्हा ‘सगा’ हा शब्द गोंड माणसाच्या तोंडी आला की आपला मराठी अर्थ बाजूला ठेवूनच तो ऐकावा लागतो.

हे काम मनापासून करणारा एक मराठी अधिकारी याच भूमीत होऊन गेला, याचा आपल्या वाचकांना अभिमान वाटावा. सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) हे मराठेशाहीचे व्यासंगी इतिहासकार म्हणून आपल्याला माहीत आहेत. परंतु हैदराबादच्या मुलकी सेवेत असताना त्यांनी आदिलाबादच्या गोंड-कोलामांत काम केले, त्यांच्या भाषा शिकल्या आणि गोंडी व कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली. पुढे बरो आणि एमेनो या विद्वानांनी द्राविड भाषांचा व्युत्पत्तिकोश सिद्ध केला. त्याची पहिली आवृत्ती १९६१ ची, दुसरी १९८४ ची. अशा कोशांचा पाया गावोगाव जाऊन बोलणाऱ्याच्या तोंडून शब्द टिपणाऱ्यांनीच घातला आहे. ज्याला हुकूम काढण्याचा अधिकार होता त्याने ज्याच्यावर हुकूम चालावयाचा त्याच्याकडून व्याकरण शिकावे, हे त्या काळात सामान्य नव्हते.

याची पार्श्वभूमी रक्ताची होती. १९४० साली जोडेघाट येथे कुमराम भीम व त्यांचे साथी निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यानंतर या असंतोषाचे मूळ शोधण्यासाठी निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाची मदत घेतली. जंगल राखीव झाल्याने उठवलेली गावे, बाहेरून आलेल्यांच्या हाती गेलेली जमीन आणि स्वतःच्या नावाचा पट्टा नसणे, ही ती कारणे. १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र सुरू झाले आणि गोंडीतील वाचनपाठ देवनागरी लिपीत तयार झाले, कारण या मुलखात मराठीचा वापर सर्वत्र होता. मूल आधी आपल्या भाषेत अक्षर ओळखेल आणि मग दुसऱ्या भाषेकडे जाईल, हा त्यामागील विचार. देवनागरीत गोंडांचा देव आणि मराठीची लेखणी अगदी एकसारखी दिसते. ‘पेन’ या दोन अक्षरांत दोन्ही मावतात. ते वाचताना कोणता अर्थ घ्यावयाचा हे मारलवाईच्या वर्गात गोंड मुलाला त्याच्याच भाषेने ठरवता येत होते.

पुढे राज्ये बदलली, शाळेची भाषा बदलली. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत आणि तेलुगूतही शिक्षा म्हणजे दंड. घरी गोंडी वा कोलामी बोलणारे मूल पहिल्याच दिवशी अनोळखी भाषेच्या वर्गात बसते तेव्हा त्याच्यापुरते हे दोन्ही अर्थ एक होतात. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाख आणि कोलामी सांगणारे सुमारे सव्वा लाख होते. एवढ्या लोकांच्या शब्दांना आपापल्या कानाने अर्थ लावत राहणे कोणत्याही राज्याला शोभणारे नाही.

इंद्रवेल्लीचे नाव देशाला कळले ते २० एप्रिल १९८१ या दिवशी. तो सोमवार होता, बाजाराचा दिवस. जमिनीच्या प्रश्नावर सभेसाठी जमू लागलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. इतरांनी सांगितलेले आकडे त्याहून कितीतरी मोठे आहेत. शब्दांच्या घोटाळ्याने गोळ्या सुटल्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, आणि ते आम्ही म्हणत नाही. जमीन, जंगल आणि कर्ज ही कारणे उघड आहेत. पण ज्या कागदांवर त्या जमिनींचे भवितव्य ठरत गेले ते उर्दूत होते, नंतर तेलुगूत आणि इंग्रजीत. गोंडीत ते कधीच नव्हते. पट्टा, फसली, राजीनामा हे सारे शब्द गोंडाने दुसऱ्याच्या तोंडून ऐकले आणि त्यांचा अर्थही दुसऱ्यानेच सांगितला.

त्या मृतांच्या स्मरणार्थ १९८३ साली इंद्रवेल्लीत एक स्मारक उभे राहिले. १९८६ मध्ये ते उद्ध्वस्त करण्यात आले आणि पुढे पुन्हा उभारले गेले. या स्मारकाला तेथे ‘स्तूपम्’ म्हणतात. मराठी वाचकाच्या मनात स्तूप म्हटले की सांची येते, बुद्धाच्या धातूंवरील घुमटाकार वास्तू येते. तेलुगूत स्तूपम् म्हणजे हुतात्म्यांचा स्मारकस्तंभ. मूळ संस्कृत शब्द एक. एकाने धर्माची वास्तू जपली, दुसऱ्याने लढ्यात पडलेल्यांची आठवण. नकाशावर ‘इंद्रवेल्ली स्तूप’ एवढेच वाचणाऱ्याला तेथे बौद्ध अवशेष असावेत असे वाटेल. तेथे काय आहे हे तेथल्या माणसालाच विचारावे लागते.

सीमाभागात राहणाऱ्या सभासदांना आमची एक विनंती आहे. असे शब्द कानी आले की टिपून ठेवावेत. शब्दाबरोबर गावाचे नाव, बोलणाऱ्याची मातृभाषा, शब्दाचे अनेकवचन आणि ज्या वाक्यात तो आला ते वाक्य लिहावे. आपला अर्थ शेवटी लिहावा; आधी बोलणाऱ्याला त्याचा अर्थ विचारावा. इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम गोत्राचे गोंड गोदावरीचे पाणी पायी आणून आपल्या दैवताला अर्पण करतात. ‘नागोबा’ हे नाव विठोबा-खंडोबाच्या घाटाचे, आपल्या कानाला अगदी घरचे. आणि ज्याला त्या नावाने हाक मारली जाते तो मात्र गोंडांचा पेन. तेथे जमणाऱ्या वृद्धांपाशी अजून किती तरी शब्द शिल्लक आहेत. त्यांच्याशेजारी बसून ते विचारून घेण्याचे काम आपल्या पिढीने पुढे ढकलू नये, असे आम्हांला वाटते.